प्रमुख तथ्यांचे पत्रक व ऋणकोची भाषा

ऋणकोला पत्करलेल्या बोजाचे यथार्थ ज्ञान व्हावे, या हेतूने रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले. तदन्वये १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ, तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत-कर्जांसोबत प्रमुख तथ्यांचे पत्रक देणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक झाले.

या नियमाच्या पूर्वतयारीत दोन कामे अंतर्भूत होती. पहिले गणिताचे. व्याज, प्रक्रिया-शुल्क, विमा इत्यादी आकार मिळवून एकच वार्षिक दर काढावयाचा. पत्रकात न दर्शविलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. सबब प्रत्येक आकार आधीच हुडकून नोंदणे संस्थांना अगत्याचे ठरले.

दुसरे काम भाषेचे. पत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत हवे व त्यातील आशय समजावून दिल्याची पोच घ्यावयास हवी. परंतु केवळ भाषांतराने हे साधत नाही. ‘व्याजदर’ हा शब्द परिचित असला, तरी त्याचे अर्थ दोन संभवतात. एक लाख रुपयांच्या मूळ मुद्दलावर वर्षाचे १० टक्के व्याज आकारून १२ समान मासिक हप्ते बांधल्यास घटत्या मुद्दलावरील दर सुमारे १८ टक्के पडतो. शब्द तोच, अर्थ भिन्न. ही फोड न करता घेतलेली सही पोच ठरेल. आकलनाचा पुरावा ठरणार नाही.