ट्रॅक्टरला अॅम्प्लिफायर बसवताय? आधी फ्यूज बघा

ऊस वाहतुकीचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरला टेप, अॅम्प्लिफायर, स्पीकर बसवायची गडबड सुरू होते. गाणी लागावीत, त्यात वाईट काही नाही. रात्रीच्या खेपेला डोळा लागत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगतात. पण वायरिंग कसं केलंय हे कोणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच ट्रॅक्टरची लाल वायर बॉनेटच्या पत्र्याला घासून सोलली आणि पेटली. मधे फ्यूजच नव्हता. दिवसा, उभ्या ट्रॅक्टरला झालं म्हणून माती टाकून विझवता आलं.

खरोखर ५०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर (खोक्यावर लिहिलेले वॅट सोडा, ते बहुतेक फुगवलेले असतात) १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअरच्या वर करंट ओढतो. हेडलाइटची वायर त्याला पुरत नाही. बॅटरीच्या प्लसपासून जाड तांब्याची वायर थेट आणायची आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरातच लावायचा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो वायरीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा. उडाला म्हणून त्याजागी तार गुंडाळली, की फ्यूज असून नसल्यासारखा. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस सोडवून ठेवा.

अर्थिंगची वायर चेसीला, पण रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बोल्टने. टेपकडून येणारी बारीक रिमोट वायर अॅम्प्लिफायर चालू-बंद करते. ती थेट बॅटरीला जोडली तर तो रात्रभर चालूच राहतो.

स्पीकरला प्लसला प्लस, मायनसला मायनस. दोनातला एक उलटा लागला तर बेस गायब होतो. खूण नसेल तर पेन्सिल सेल क्षणभर लावून बघा, पडदा बाहेर आला की सेलच्या प्लसकडची बाजू स्पीकरची प्लस. स्पीकरची मायनस बॉडीला मात्र कधीच लावू नका, अॅम्प्लिफायर जाऊ शकतो.

४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की २ ओहम होतात. मशीनवर किमान ४ लिहिलं असेल तर ते तापून बंद पडणार. एकामागे एक जोडले तर ८ होतात, आवाज कमी, पण मशीन शाबूत.

आणि कारखान्याच्या रांगेत इंजिन बंद ठेवून गाणी लावू नका. नंबर आल्यावर सेल्फ लागत नाही, मग मागचे सगळे हॉर्न वाजवतात.