चांदीचे दागिने काळे का पडतात?

मुलांनो, ईद किंवा लग्न आटोपले की चांदीचे पैंजण, बांगड्या, झुमके डब्यात जातात. काही महिन्यांनी डबा उघडला की ते काळे दिसतात. असे का होते? हवेत गंधकाची संयुगे अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्यांच्याशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो.

राखेने घासल्यास थर निघतो, पण चांदीही झिजते. आजीच्या पैंजणावरील बारीक नक्षी अशीच पुसट होते. मग काय करावे?

पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा. दागिना तिला टेकवून ठेवा. लिटरभर गरम पाण्यात चार चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ते घरातील मोठ्यांकडून वर ओतून घ्या. गंधक चांदीला सोडते आणि चांदी जागीच राहते. पाच मिनिटांनी दागिना धुऊन मऊ कापडाने कोरडा करा.

मोती, खडे किंवा मुलामा असलेला दागिना मात्र या पाण्यात टाकू नका. मोत्याला लिंबूही लावू नका. आम्लाने त्याची चकाकी जाते. त्याला ओलसर मऊ फडके पुरे.

चांदीला रबरबँड लावू नका, कारण रबरात गंधक असते. घाम पुसून ती घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. मग ती वारंवार उजळावी लागणार नाही.