विजेच्या गिटारीचें लांकूड

सतारीचा भोपळा काढून टाकला तर तिचा आवाज किती क्षीण होईल, हें संगीताची गोडी असलेल्या घरांत सांगावयास नको. विजेच्या गिटारीची गोष्ट निराळी आहे. तिचें धड बहुधा भरीव असतें. पोलादी तार कंप पावली, कीं तिच्याखालच्या लोहचुंबकाचें क्षेत्र हलतें, भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तोच मोठा करून ऐकवितो. लेस पॉल या अमेरिकन वादकानें १९४० च्या सुमारास पाइनच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा ताणून असें वाद्य वाजविलें होतें. मग लांकडाची एवढी चिकित्सा कशाला?

कारण लांकूड येथें आवाज निर्माण करीत नसलें, तरी तारेचीं दोन्ही टोंकें तेंच धरून ठेवतें. तें जितकें लवेल तितका कंप लवकर विरेल. स्वरांतील फरक मात्र भक्त सांगतात तेवढा मोठा नसतो. चुंबक व ध्वनिवर्धक यांचाच वांटा अधिक.

खरी परीक्षा मानेची. सहा तारांचा एकत्र ताण सुमारें ४५ किलोग्रॅम असतो व तो रात्रंदिवस मानेवर असतो. पावसाळ्यांत फुगून न लागणारें दार ज्यांच्या घरीं आहे, त्यांस ओल्या लांकडाचा धोका समजेल. म्हणून मानेस नीट वाळविलेलें, सरळ रेषांचें कठीण मेपल किंवा महॉगनी घेतात व आंत पोलादी सळई बसवितात.

धडाच्या बाबतींत व्यवहारच प्रबळ ठरला. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियांत त्यानें १९५० सालीं बाजारांत आणलेल्या गिटारीचें धड ॲशचें होतें, आणि मेपलची मान त्यास चक्क स्क्रूंनीं जोडलेली होती. १९५६ पासून रंगीत नमुन्यांसाठीं त्यानें मुख्यतः आल्डर घेतलें. तें सहज मिळे व त्याचीं बारीक छिद्रें बुजविण्याचे श्रम वांचत. गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं महॉगनीवर मेपलचा थर चढविला. वाद्य देखणें झालें, पण खांद्याला जड!

बोटांखालच्या पट्टीस पडदे घट्ट धरावे लागतात, शिवाय घाम व तारांची घासणी सोसावी लागते. मेपलवरील लाखेचा थर झिजला, कीं ती काळवंडते. शिसवी लांकूड मूळचेंच तेलकट असल्यानें त्यास असा थर लागत नाहीं. १९५९ च्या सुमारास फेंडरनेंही तेंच पत्करलें. आबनूस त्याहून कठीण व महाग.

परंतु ब्राझीलचा शिसव तोडून तोडून इतका विरळ झाला, कीं १९९२ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. कारखान्यांची भिस्त हिंदी शिसवावर आली. म्हणजे सह्याद्रींत वाढणारा, आजीच्या पलंगाचाच तो शिसव. २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवाने लागू लागले. तयार वाद्यांस २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. ॲशचेंही तसेंच. आशियांतून आलेल्या हिरव्या भुंग्यानें अमेरिकेंतील हीं झाडें पोखरलीं, त्यांत मिसिसिपीच्या पुरांनीं दलदलींतील तोड अडली. २०२० सालीं फेंडर कंपनीनें आपल्या बहुतेक नेहमींच्या नमुन्यांतून ॲश वगळण्याचें जाहीर केलें.