अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक व पक्षनिरपेक्ष मतदाराचा धोरणविचार

कोणत्याही पक्षाशी बांधिलकी न मानता उमेदवाराची धोरणे पारखून मत देऊ पाहणारा नागरिक म्हणजे पक्षनिरपेक्ष मतदार होय. 'द अमेरिकन व्होटर' (१९६०) या ग्रंथाने मतनिर्णयात पक्षनिष्ठेस मध्यवर्ती स्थान दिले. याउलट, मतदार शासनाच्या कामगिरीचा विचार करूनच मत बदलतात, अशी भूमिका व्ही. ओ. की यांनी १९६६ मध्ये मांडली.

अशा मतदाराची मुख्य अडचण अशी की, मत एकच व प्रश्न अनेक असतात. करविषयक धोरण एका उमेदवाराचे पटते, तर आरोग्यसेवेविषयीचे दुसऱ्याचे. अशा वेळी सहमतीचे मुद्दे केवळ मोजून भागत नाही. प्रत्येक प्रश्नाचे महत्त्व आणि त्यावरील अध्यक्षाचा अधिकार या दोहोंचा विचार करावा लागतो. करकायदा काँग्रेसच्या मंजुरीविना होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे नामनिर्देशन मात्र अध्यक्षच करतो आणि सिनेटच्या संमतीनंतर त्या नेमणुका आजीवन असतात.

निवडणूक पद्धतीचाही यावर परिणाम होतो. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. परंतु निर्वाचक मंडळाचे एकही मत मिळाले नाही. २००० मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकाने अध्यक्षपदाचा निकाल ठरला. तेथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्यामुळे मनाजोगत्या तिसऱ्या उमेदवारास मत द्यावे की प्रमुख दोघांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवारास, हा पेच उरतोच. कोणत्या प्रश्नावर तडजोड करावयाची नाही, हे मतदाराने आधी निश्चित केल्यास तो काहीसा सुटू शकतो.