अंडील घोड्यास मोकळीक आणि सोबत

मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोडेबाजारांत जो शेतकरी एकदां फिरून आला असेल, त्यास आगाडी-पिछाडीनें जखडलेला अंडील घोडा, म्हणजे बीजासाठीं राखलेला, खच्ची न केलेला घोडा, कसा दिसतो हें सांगावयास नको. मान ताणलेली, कान मागें पाडलेले, आणि जवळून घोडी गेली कीं दावें तुटेल अशी धडपड. यात्रेपुरतें असें बांधणें आम्ही समजूं शकतों; माणसांची व जनावरांची एवढी दाटी असतां दुसरा उपाय नसतो. परंतु यात्रा उठल्यावर घरीं परतलेला घोडाहि पुष्कळ ठिकाणीं वर्षभर तसाच एका ठाणावर, भिंतीकडे तोंड करून, एकटा उभा असतो. पुढें तो मोतद्दारास चावतो, दाणा घालावयास गेलेल्या मुलावर पुढचे पाय उगारतो, आणि मालक म्हणतात, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं."

ही खोड घोड्याच्या रक्तांतली कीं आपल्या ठेवण्यांतली, याचा शोध घेतल्यावांचून ही म्हण त्याच्या माथीं मारूं नये, असें आमचें मत आहे.

घोडा हा मुळांत कळपाचा प्राणी. रानांत मोकळ्या राहणाऱ्या घोड्यांत एक नर, कांहीं घोड्या व त्यांचीं शिंगरें असें कुटुंब असतें. नर शिंगरें दोन-तीन वर्षांचीं झालीं कीं त्या कुटुंबांतून बाहेर पडतात. परंतु तीं एकटीं राहत नाहींत. असे तरुण नर आपला निराळा जथा करून राहतात. त्यांत एकमेकांस हुंगणें, खिंकाळणें, लटकी झोंबाझोंबी करणें चालतें, आणि कोण वरचढ हें ठरलें कीं खरी मारामारी क्वचितच होते. शिवाय घोड्याचें पोट लहान व तोंड सदा चालणारें; दिवसरात्रींतील अर्ध्याहून अधिक वेळ तो चालत चालत चरण्यांत घालवितो. अशा जनावरास दोन वेळां चंदी देऊन बाकीचा सारा वेळ एकटें बांधून ठेवल्यास त्याच्या अंगांतील जोम जावा कोठें? तो गव्हाणीचें लांकूड कुरतडतो, दांत टेकून वारा ओढतो, जागच्या जागीं डुलत राहतो. कित्येक अंडील घोडे तर आपल्याच बरगड्यांस चावे घेतात. हा माज नव्हे. ही कोंडमाऱ्याची लक्षणें होत.

यावर कोणी म्हणेल कीं दोन अंडील घोडे एकत्र सोडले तर एक तरी मरेल. ही भीति निराधार नाहीं. परंतु ती तपासून पाहिली गेली आहे. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय अश्वपैदास केंद्राचे बीजाचे घोडे एका विस्तीर्ण कुरणांत एकत्र ठेवून पाहण्यांत आले. 2009 सालीं पांच व 2010 सालीं आठ. त्यांचें वर्तन दोन-तीन आठवडे बारकाईनें नोंदलें गेलें व त्याचा वृत्तांत 2013 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं चढाईचें वर्तन पहिल्या तीन-चार दिवसांतच झपाट्यानें कमी झालें, आणि एकंदरींत भांडणापेक्षां सलगीचे व नुसत्या दिखाऊ आव्हानाचे प्रसंगच अधिक झाले. जे घोडे पूर्वीं अशा जथ्यांत राहिले होते, ते इतरांहून शांत राहिले. त्याच देशांत शेजारशेजारच्या दोन ठाणांमधील भिंतीचा अर्धा भाग उभ्या गजांचा करण्याचीहि रीत तपासली गेली आहे. गजांत सुमारें एक फूट अंतर असतें, म्हणून शेजाऱ्यास मान घालून खाजवितां येतें; उरलेला अर्धा भाग भरींव असतो, म्हणून नकोसें झालें तर आड होतां येतें.

आपल्याकडील शेतकऱ्याजवळ एवढें कुरण व एवढे घोडे बहुधा नसतात. म्हणून आम्ही दोन अंडील घोडे एकत्र सोडण्याचा सल्ला सरसकट देत नाहीं. जुना भांडखोर घोडा तर दुसऱ्या नराजवळ सोडूंच नये. परंतु पुढील गोष्टी बेताच्या शेतकऱ्यासहि साधण्याजोग्या आहेत. प्रथम, ठाण असें असावें कीं घोड्यास दुसरें जनावर दिसेल व हुंगतां येईल. दुसरें, रोज कांहीं तास तरी त्यास मोकळें सोडावें. त्यासाठीं आवार मजबूत व माणसाच्या उंचीचें असावें. काटेरी तार मुळींच लावूं नये, कारण धांवत्या घोड्यास ती दिसत नाहीं व कातडें फाटतें. कोंडींत सांपडेल असे अरुंद कोपरे नसावेत. सांवली व पाणी असावें. आरंभीं घोडा फेरफटका करून दमलेला असतां थोडा वेळच सोडावा व मग वेळ वाढवावी. तिसरें, सोबतीसाठीं शांत, वयस्क खच्ची घोडा पाहावा. दोघांस कांहीं दिवस कुंपणाआडून एकमेकांची ओळख होऊं द्यावी, एकत्र सोडण्यापूर्वीं मागच्या पायांचे नाल काढावे, आणि वैरण दोन-तीन ठिकाणीं दूर दूर टाकावी. माजावर येणारी घोडी आसपास नसावी. घोड्या लावण्याचा हंगाम संपल्यावरच हें करणें बरें. घोडा मिळत नसल्यास एखादी शेळीहि पुष्कळ घोड्यांस सोबत म्हणून मानवते.

हाताळण्याविषयीं थोडें. मोतद्दार वरचेवर बदलूं नये. घोड्याच्या समोर उभें न राहतां खांद्याजवळ राहावें. तोंडावर कधींहि मारूं नये. तोंडावर मार खाल्लेला घोडा हात दिसतांच आधीं चावावयास शिकतो. घोडी दाखविण्याची मोहरकी निराळी व कामाची निराळी ठेवावी, आणि घोडी लावण्याची जागाहि ठाणापासून दूर असावी. म्हणजे आज कोणतें काम आहे हें घोडा साजावरून ओळखतो व एरवीं उगाच उसळत नाहीं.

शेवटीं एक स्पष्ट बोलणें भाग आहे. ज्याचें बीज राखण्याजोगें नाहीं, तो घोडा निव्वळ मिरविण्याच्या हौसेखातर अंडील ठेवूं नये. पशुवैद्याकडून खच्ची करून त्यास इतर घोड्यांत मोकळा चरूं द्यावा, हीच त्याजवर दया. आणि ज्याचें बीज ठेवावयाचें, त्याच्या स्वभावाची जबाबदारी मालकानें स्वतःकडे घ्यावी. घोडा चावला तर रक्त निघतें तें मोतद्दाराचें, मालकाचें नव्हे. ज्या आमच्या बंधूंच्या दारीं असा घोडा आज बांधलेला आहे, त्यांनीं ठाणाजवळ क्षणभर उभें राहून त्यास तेथून काय दिसतें तें पाहावें. नुसती भिंत दिसत असेल, तर सुधारणेचा आरंभ त्या भिंतीपासूनच करावा.