वजन कमी करायचंय? थोडं करा, पण रोज करा

रमजानमध्ये वजन दोन-तीन किलो उतरतं आणि ईदच्या शीरखुर्म्यानंतर हळूहळू पुन्हा चढतं, हा अनुभव अनेक घरांत असतो. महिनाभर कडक पथ्य आणि मग जुनं सगळं सुरू, अशाने वजन टिकत नाही. थोडा असला तरी नियमित केलेला अमल अल्लाहला जास्त प्रिय असतो, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वजनालाही हाच नियम लागू पडतो.

थोड्याने खरंच फरक पडतो का? पडतो. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना 7 टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 70 किलोच्या माणसासाठी 7 टक्के म्हणजे सुमारे 5 किलो.

चहापासून सुरुवात करा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, जवळपास 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आधी कपामागे अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय झाली की आणखी अर्धा.

दस्तरखानवर. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तिर्मिजीत आहे. आधी काकडी-कांदा, डाळ, भाजी घ्या, मग भाकरी. ज्वारी तर आपल्या परभणीचंच पीक. बिर्याणी झाली तर ताटात एकदाच वाढून घ्या. तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा. एका लहान चमच्यात सुमारे 45 कॅलरी असतात.

नमाजच्या वेळेला चालणं जोडा. वेगळी वेळ काढायची म्हटलं की राहून जातं. मशिदीत गाडीऐवजी पायी जा. आपल्याकडचा उन्हाळा कडक, म्हणून फजरनंतरची वीस मिनिटं सगळ्यांत सोयीची. सुरुवातीला दहा मिनिटं चाललात तरी चालेल.

घरातल्या बायकांचं काय? त्या सगळ्यांत शेवटी जेवतात आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेलंही संपवतात. दिवसभर राबणं होतं, पण सलग चालणं होत नाही. म्हणून उरेल इतकं शिजवूच नका. आणि असरनंतर अर्धा तास मुलांना पुरुषांनी सांभाळावं, म्हणजे अम्मी, खाला, भाभी मिळून चालायला जाऊ शकतील. हे उपकार नाहीत, त्यांच्या आरोग्याचा हक्क आहे.

मोजमाप. आठवड्यातून एकदाच, जुम्माच्या सकाळी वजन करा. कंबरही मोजा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि बाळाला दूध पाजणाऱ्या बहिणींनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या आठवड्यात यातली एकच सवय निवडा. ती अंगवळणी पडली की दुसरी घ्या, इन्शाअल्लाह.