पंखा बदलताना

जुलैचा शेवटचा आठवडा. आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटी लागली आहे, पावसानं थोडी उघडीप दिली आहे. चिखलात टेकू लावून उभ्या केलेल्या होडीमागे मिस्त्री उकिडवा बसला आहे. १ ऑगस्टला मासेमारी सुरू व्हायच्या आत पंखा बदलायचा आहे.

शाफ्टवरचा नट सुटतो, पुलर आवळला जातो आणि तीन पात्यांचा पितळी पंखा धप्पकन गोणपाटावर येतो. मिस्त्री माझा अंगठा धरून पात्याच्या कडेवरून फिरवतो. कड वाळवी लागलेल्या लाकडासारखी खाल्लेली आहे. फिरत्या पात्याच्या पाठीकडे दाब इतका उतरतो की पाण्याची थंडच वाफ होते. ते बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि धातू टवके टवके झिजवतात.

“नाखवा, पिच जास्त होता. इंजिन रेटत होतं, म्हणून काळा धूर,” मिस्त्री सांगतो. पाणी लोण्याच्या गोळ्याइतकं घट्ट असतं, तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता तो पिच. जुना २० इंच व्यासाचा, १५ पिचचा. नवा २० आणि १३.

नाखव्याचा मुलगा मोबाइल पुढे धरतो. “काका, हा बघा.” पडद्यावर अमेरिकेतला शॅरो पंखा फिरतो आहे. त्याच्या पात्यांना मोकळं टोकच नाही. प्रत्येक पातं वळून परत मधल्या बोंडाला मिळतं आणि कडी तयार होते. साध्या पात्याच्या टोकावरून जास्त दाबाचं पाणी कमी दाबाकडे धावतं, तिथे भोवरा उठतो आणि डिझेलची ताकद त्यात जाते. कडीमुळे तो भोवरा मंदावतो, आवाजही उतरतो. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेनं ड्रोनसाठीही असाच कडीचा पंखा घडवला आहे.

मिस्त्री व्हिडिओ दोनदा बघतो. “आकार चांगला आहे. पण हा पळणाऱ्या बोटीला लावलाय. आपली होडी जड, जाळं ओढणारी. आणि खडकाला लागला तर कडी ठोकून सरळ कोण करणार?” किंमत हजारो डॉलर, हे मुलगा हळू आवाजात सांगतो.

दुपारी भरती चढते, नवा पंखा बसवलेली होडी तरंगते. नाखवा लिव्हर पुढे सारतो. पूर्वी मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर अडणारा काटा १,५०० वर जातो. धुराची काळी रेघ नाही. खाडीला ओढ आहे, म्हणून मिस्त्री वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा जीपीएसवरचा वेग घेतो. मुलगा वहीत आकडे लिहून सरासरी काढतो.

१८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या संशोधकाचा लाकडी स्क्रू, म्हणजे तेव्हाचा पंखा, लंडनच्या कालव्यात अर्धा तुटला आणि बोट जास्तच वेगानं पळाली. पंख्याचा आकार तेव्हाही पाण्यानंच ठरवला. कडीचा पंखा कोकणात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पण त्याची परीक्षा याच होडीवर व्हावी: जाळं भरलेलं, दोन्ही दिशांनी, आणि दुरुस्तीचा खर्च त्याच वहीत मांडून.